इंग्लिश कच्चं आहे की खरंच एलडी? मराठी घरातल्या मुलाचं कसं तपासायचं

सहामाहीचे पेपर घरी आले की माझा फोन वाजायला लागतो. मॅडम, मुलगा तिसरीत आहे, इंग्लिश मिडीयम, अजून धड वाचता येत नाही, टीचर म्हणतायत एलडी असेल, टेस्ट करून आणा. (एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, शाळेत सगळे एलडीच म्हणतात.) मी आधी एकच विचारते, घरी काय बोलता? तर पलीकडून जरा ओशाळून उत्तर येतं, "मराठीच हो, पण टीचरनी सांगितल्यापासून आता इंग्लिश सुरू केलंय." अहो त्यात ओशाळायचं काय, आणि ते घरातलं इंग्लिश आधी बंद करा, कारण आई अडखळत इंग्लिश बोलतेय, पोरगं दोन्हीकडून गप्प झालंय आणि मला तपासायला काही उरतच नाही.

मी रेमेडियल टीचर आहे, म्हणजे अभ्यासात अडखळणाऱ्या मुलांना वेगळं बसवून शिकवते, सायकॉलॉजिस्ट नाही. निदान करायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. पण महागड्या टेस्टला जायच्या आधी घरी आणि वर्गात बरंच काही बघता येतं, आणि ते बघितलं नाही तर टेस्टचा रिपोर्टसुद्धा उलटा येऊ शकतो. कसं बघायचं ते सांगते.

आधी माझी स्वतःची चूक सांगते. कामाला लागून दुसरंच वर्ष होतं, चौथीतली एक मुलगी आली, मी तिला चाळीस इंग्लिश शब्दांची यादी दिली, तिला सात आले. मी मोठ्या तोऱ्यात आईला सांगितलं की डिस्लेक्सियाची (म्हणजे वाचन-स्पेलिंगमधल्या एलडीची) लक्षणं दिसतायत, आई तिथेच रडायला लागली. आठवड्याने माझ्या सीनिअर बाईंनी त्याच मुलीपुढे मराठीची गोष्ट ठेवली आणि तिने ती घडाघडा वाचली, वर दोन प्रश्न बाईंनाच विचारले. मग कळलं की ती तिसरीपर्यंत गावाकडे झेडपीच्या शाळेत होती, इंग्लिश मिडीयममध्ये येऊन तिला फक्त दहा महिने झाले होते. मी हे विचारलंच नव्हतं. उलटंही झालंय बरं का, एक मुलगा यूट्यूब बघून बघून फर्डं इंग्लिश बोलायचा म्हणून सगळे त्याला आळशी म्हणत राहिले, आणि त्याला खराखुरा डिस्लेक्सिया आहे हे सातवीत कळलं. ते जास्त वाईट.

म्हणून सगळ्यात आधी भाषेचा इतिहास लिहून काढा, एका पानावर. घरात कोण कोणाशी काय बोलतं, आजी काय बोलते, सांभाळणाऱ्या मावशी काय बोलतात, इंग्लिश नेमकं कधीपासून कानावर पडतंय, शाळा किती बदलल्या. पहिला शब्द कधी बोलला, दोन शब्द जोडून "आई पाणी" असं कधी म्हणाला. घराण्यात कोणी "शाळेत मागे" होतं का, हे जरा नाजूकपणे विचारावं लागतं, बरेचदा बाबाच हळूच सांगतात की मला पण स्पेलिंग कधी जमलं नाही मॅडम. हा धागा महत्त्वाचा, डिस्लेक्सिया घराण्यात चालत येतो. त्यासोबत कान आणि डोळे तपासून घ्या, नुसतं "ऐकू येतं हो त्याला" असं नको, ईएनटीकडे ऑडिओमेट्री करून. सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, ऐकू येतं पण पुसट येतं, आणि नवी भाषा पुसट ऐकून शिकता येत नाही.

आता काळाचं गणित. जिम कमिन्स नावाच्या कॅनडातल्या अभ्यासकांनी १९७९ मध्ये एक फरक मांडला, तो शाळाशाळांत चिकटवून ठेवावा असा आहे. खेळताना, डबा खाताना बोलायची भाषा मुलं साधारण दोन वर्षांत उचलतात, पण पुस्तकातली, प्रश्नपत्रिकेतली भाषा त्या भाषेच्या मुलांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात. हे आकडे इंग्लिशच्या वातावरणात राहणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांचे आहेत. आपलं पोरगं शाळेची बस सुटली की थेट मराठीत येतं, त्यामुळे त्याला जास्त वेळ लागला तर नवल ते काय. आणि नर्सरीत नव्याने गेलेलं मूल काही महिने वर्गात तोंडच उघडत नाही, घरी मात्र पोपटासारखं बोलतं, यात घाबरण्यासारखं सहसा काही नसतं.

मग चुका बघा, पण इंग्लिशच्या वहीत मराठी शोधायच्या नजरेने बघा. मराठी मुलगा "माय पेन्सिल, शी इज लॉस्ट" म्हणतो कारण पेन्सिल ती असते. "व्हेअर यू आर गोइंग" म्हणतो कारण आपण प्रश्न विचारताना शब्दांची जागा बदलत नाही. ए, ॲन, द गाळतो कारण मराठीत ते प्रकरणच नाही. शिप आणि शीप त्याला एकच ऐकू येतात. नाइफचं स्पेलिंग एन-ए-आय-एफ लिहितो, लाइकचं एल-ए-आय-के, आणि हे तर मला हुशारीचं लक्षण वाटतं, कारण त्याने आवाज नीट ऐकलाय आणि "आई" लिहितो तसा लिहिलाय. अशा चुकांना तर्क असतो आणि त्या सगळ्या वर्गात सापडतात, शेजारच्या बाकावरच्या तीन वह्या उघडून बघा म्हणजे कळेल. कान उभे करायचे ते वेगळ्या ठिकाणी. एकच शब्द एकाच पानावर तीन तऱ्हेने लिहिलाय, मधला अख्खा आवाज गायब आहे, अक्षरांचा क्रम कुठूनही कुठे गेलाय, काल पाठ झालेलं आज पाटी कोरी, आणि त्याच्यासारख्याच घरातली, तितकीच वर्षं इंग्लिश शिकलेली बाकीची मुलं पुढे निघून गेलीत. तुलना नेहमी अशा मुलांशी करायची, ज्या मुलाची आई घरी इंग्लिशच बोलते त्याच्याशी नाही.

आणि शाळेला हेही विचारा की वाचायला शिकवलं कसं. सी-ए-टी कॅट, बी-ए-टी बॅट असं नुसतं घोकून घेतलं असेल आणि अक्षराचा आवाज कधी शिकवलाच नसेल, तर नवा शब्द मुलाला येणार कुठून? तो दोष मुलाच्या डोक्यातला नाही.

आता मुख्य काम, आणि ते मराठीत करायचं. लर्निंग डिसॅबिलिटी एकाच भाषेत राहत नाही, ती असेल तर बहुतेक वेळा मराठीतही कुठेतरी डोकावतेच. फक्त ती शोधायची कशी, कारण इंग्लिश मिडीयमच्या मुलाला मराठी वाचता येत नाही म्हटलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, शिकवलंच किती असतं. म्हणून आधी तोंडी.

जेवण झाल्यावर निवांत बसा, परीक्षा आहे असं वाटू देऊ नका. "काल वाढदिवसाला काय काय झालं सांग ना" असं म्हणा आणि पाच मिनिटं गप्प ऐका. आधीचं आधी आणि नंतरचं नंतर येतंय का, की सगळं "मग ते ना, मग ते त्याने ते केलं" असं चाललंय, ओळखीच्या वस्तूचं नाव आठवेना म्हणून "ते आपलं असतं ना ते" असं सारखं होतंय का. मग आवाजांचा खेळ. पाणीसारखा वाजणारा शब्द सांग, गाणी, राणी, नाणी, हे पहिलीतल्या मुलाला यायला हवं. तिसरीतल्याला थोडं अवघड द्या, "मसाला"मधून "सा" काढला तर काय राहिलं? मला. "कमळ"मधून "म" काढ, कळ. "बादली"मधून "द" काढ, बाली. एक-दोन उदाहरणं तुम्ही करून दाखवा, मग आठ-दहा विचारा. मग काहीच अर्थ नसलेले शब्द म्हणून घ्या, टिमोपा, गळुसे, बकिरोनू, सालमुडीगो. हे मला सगळ्यात आवडतं कारण इथे शब्दसंपत्तीचा प्रश्नच येत नाही, सगळ्यांना ते सारखेच नवे. चार अक्षरांच्या पुढे गेलं की काही मुलं सारखी घसरतात, त्यांची नोंद ठेवा.

चेंडू, घर, मासा, फूल, चमचा अशी पाच चित्रं एका कागदावर उलटसुलट करून सहा ओळीत काढा, तीस झाली, आणि मोबाईलवर वेळ लावून भराभर नावं म्हणायला सांगा. सेकंदांचा तक्ता नेटवर शोधत बसू नका, त्याच वयाच्या दोन-तीन भावंडांकडून किंवा बिल्डिंगमधल्या मुलांकडून तेच करून घ्या आणि फरक बघा. शेवटी एक लांब सूचना द्या, "आधी दार लाव, मग दप्तरातलं निळं पेन काढ आणि ते आजीला दे." तीनातलं एकच काम झालं आणि असं रोजच होत असेल तर लिहून ठेवा.

इथे एक सावधगिरी. घरची मराठी म्हणजे पुस्तकातली मराठी असं धरून चालू नका. अकोल्याकडून आलेल्या एका मुलीला कोथिंबिरीचं चित्र दाखवलं, ती म्हणाली "सांबार", आणि चित्र दाखवणाऱ्या पुण्याच्या ताईंनी फुली मारली. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबारच म्हणतात हो! तसंच खान्देशातल्या अहिराणी बोलणाऱ्या घरांचं, तांड्यावरच्या गोरमाटी बोलणाऱ्यांचं, आणि नंदुरबारच्या धडगावकडच्या पावरी बोलणाऱ्या मुलांना तर मराठीच दुसरी भाषा आहे, इंग्लिश तिसरी. त्यांना वरचं सगळं त्यांच्या भाषेत विचारायला घरचं कोणीतरी मोठं माणूस शेजारी बसवा.

तोंडी झालं की वाचन. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे, त्यामुळे इंग्लिश मिडीयमच्या मुलालाही थोडीफार अक्षरओळख असते. एक इयत्ता खालचं बालभारतीचं पुस्तक घ्या आणि दहा ओळी वाचून घ्या. आपली लिपी इंग्लिशपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे, बहुतेक वेळा जसं लिहिलं तसं वाचायचं. (अपवाद आहेतच, "चार"मधला च वेगळा आणि "चारा"मधला वेगळा, पण ते मराठी मुलाला कोणी शिकवावं लागत नाही.) घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांची गल्लत पहिलीत सगळेच करतात, चौथीत राहिली असेल तर खूण करा. रफार आणि जोडाक्षर कुठे जातं बघा. "किती"मधली पहिली वेलांटी डोळ्याला क च्या आधी दिसते आणि तोंडातून नंतर येते, तिथे अडखळणारी मुलं मी खूप बघितलीत. ऱ्हस्व-दीर्घ मात्र सोडून द्या, ते पुढाऱ्यांच्या बॅनरवरही चुकलेलं असतं.

आणि अक्षरं अजिबात शिकवलीच नसतील तर? तेव्हा शिकवून बघायचं, माझ्या मते ही सगळ्यात खरी परीक्षा. म, क, ल, ब, स, र अशी सहा अक्षरं आणि त्यांना काना, रोज पंधरा मिनिटं, दोन आठवडे. धडधाकट शिकणारं मूल आठवडाभरात काका, मामा, बाबा, कमाल, सामाल असं खरंखोटं सगळं वाचून हसायला लागतं. ज्याला खरी अडचण आहे त्याचं सोमवारचं ब बुधवारी हरवतं, शुक्रवारी परत सापडतं, पुढच्या सोमवारी परत हरवतं. मुलाला आज काय येतं यापेक्षा शिकवल्यावर काय होतं हे बघितलं की शाळा, मिडीयम, घरचं वातावरण हे सगळं बाजूला पडतं.

आकड्यांबद्दल थोडंसं. पंचवीस म्हटल्यावर मूल ५२ लिहितं म्हणून डिसकॅल्क्युलियाचा (म्हणजे गणितातल्या एलडीचा) शिक्का मारू नका. आपण पाच आधी बोलतो आणि वीस नंतर, इंग्लिशमध्ये उलटं. याच गोंधळावर उपाय म्हणून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस पाच" असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला आठवत असेल. एकोणतीस ऐकून ३९ लिहिणारी मुलं तर घरोघरी आहेत, शब्दात "तीस" ऐकू येतं ना. इंग्लिशमध्ये ट्वेंटी फाइव्ह म्हटल्यावर बरोबर लिहितोय का ते बघा, लिहीत असेल तर ते बहुधा गणिताचं दुखणं नाही. तो दोन्हीकडे चुकत असेल, आणि सात मणी आणि नऊ मण्यांत जास्त कुठले हेही मोजल्याशिवाय सांगता येत नसेल, तर मात्र पुढे जा.

एवढं झाल्यावर आठ आठवडे इंग्लिश नीट शिकवा, अक्षरांच्या आवाजापासून, आठवड्यातून चार दिवस, वीस-पंचवीस मिनिटं. दर शनिवारी एक मिनिट वाचून घ्या, बरोबर शब्द मोजा आणि कागदावर टिंब टाका. टिंबं वर चढतायत, भले हळू, तर बहुधा भाषेचा प्रश्न होता, चालू ठेवा. आठ आठवडे टिंबं जवळपास सपाट आहेत आणि वर मराठीतही खुणा सापडल्यात, तर आता थांबू नका, "मोठा झाला की येईल" हे वाक्य मी सातवी-आठवीतल्या पालकांच्या तोंडून ऐकलंय आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. आणि मराठीत सगळं उत्तम, इंग्लिशही सरकत नाही, असं असेल तर आधी शिकवणारा बदलून बघा, माझ्यासकट. तरीही टिंबं हललीच नाहीत तर तपासणी करून घ्या, कारण काही मुलांचा हलका डिस्लेक्सिया मराठीच्या सरळ लिपीत झाकला जातो आणि इंग्लिशच्या आडवळणी स्पेलिंगात उघडा पडतो.

पुढे म्हणजे कुठे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे आपली एलडीच, धरलेली आहे, त्यामुळे सर्टिफिकेट मिळतं आणि त्यावर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती मिळतात. केंद्राच्या जानेवारी २०१८ च्या नियमांत सर्टिफिकेट आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच असं होतं. नियम मधे मधे बदलतात म्हणून जाण्याआधी चौकशी करा. प्रायव्हेट रिपोर्ट अभ्यासाला उपयोगी पडतो पण बोर्डाला नेमून दिलेल्या सरकारी किंवा महापालिका हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागतं, मुंबईत सायन आणि नायरला अशी क्लिनिक आहेत, आणि नंबर यायला वेळ लागतो, तोपर्यंत वरचं शिकवणं थांबवू नका.

सायकॉलॉजिस्टकडे गेल्यावर एक प्रश्न न लाजता विचारा, टेस्ट कुठल्या भाषेत घेणार? बुद्ध्यांकासाठी आपल्याकडे सर्रास वापरतात ती मालिनची टेस्ट नागपुरात तयार झाली, अमेरिकन टेस्टवरून भारतीय मुलांसाठी, आणि तिचे दोन भाग आहेत, एक बोलून उत्तर द्यायचा आणि एक हाताने ठोकळे, तुकडे जुळवायचा. बोलायचा भाग मराठी मुलाला इंग्लिशमध्ये विचारला की त्याचे मार्क पडणारच, आणि मग सरासरी काढून मुलगा "स्लो लर्नर" ठरतो. म्हणून दोन्ही भागांचे मार्क वेगवेगळे मागा आणि टेस्टची भाषा रिपोर्टवर लिहून घ्या. वाचनासाठी डाली नावाचं साधन आहे, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ते हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्लिश अशा चार भाषांत केलं, २०१५ मध्ये आलं. त्यातली पहिली-दुसरीची आणि तिसरी ते पाचवीची चाळणी शिक्षकांनी वर्गातच करायची असते, पण शाळेत विचारलं तर दहातल्या नऊ जणांना नाव माहीत नसतं, हा माझा अनुभव.

परदेशातल्या ताई-दादांचे पण मेसेज येतात म्हणून दोन ओळी. अमेरिकेत १९७० मध्ये कॅलिफोर्नियात एक दावा झाला होता, डायना केस म्हणतात, स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना इंग्लिशमधून बुद्ध्यांक चाचणी देऊन मतिमंदांच्या वर्गात टाकलं होतं. आज तिथला कायदा सांगतो की इंग्लिश कमी येतं एवढ्या कारणावरून अक्षमता ठरवायची नाही आणि चाचणी मुलाच्या भाषेत घ्यायची. इंग्लंडच्या २०१४ च्या कायद्यातही घरची भाषा वेगळी आहे म्हणून शिकण्यात अडचण आहे असं धरायचं नाही, असं स्पष्ट लिहिलंय. तेव्हा न्यू जर्सी असो की स्लाऊ, मराठी दुभाषा लेखी मागा. फक्त तो दुभाषा म्हणजे मुलाचा मामा नको, मामा उत्तरं सुचवतो.

टेस्टच्या दिवशी फाईलमध्ये भाषेच्या इतिहासाचं पान, ऑडिओमेट्री आणि चष्म्याचा कागद, टिंबांचा आलेख, मुलाने मराठीत सांगितलेल्या गोष्टीचं मोबाईल रेकॉर्डिंग, आणि दोन्ही भाषांच्या वह्या ठेवा. वह्या मात्र रफ न्या. फेअर वहीत अर्धं अक्षर आईचं असतं.